हजारातली साठ उड्डाणं

भरतेश मगदूमचं विमान धावपट्टीला टेकलं, तरी आत बसलेल्याला ते कळत नसे. खिडकीबाहेरचं गवत हळूहळू मागं पळताना दिसलं, म्हणजे आपण जमिनीवर आहोत असं समजायचं. बारा वर्षं झाली, तरी पद्मजाला या गोष्टीचं नवल वाटायचं थांबलं नव्हतं.

एरवी हा माणूस दणदणाटातला. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा ओतकामाचा कारखाना होता, मालमोटारींचे ब्रेक-ड्रम तिथं ओतले जात. भट्टीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय त्याला घरीही सुटत नसे. पण विमानात बसला की त्याचा आवाज खाली यायचा, खांदे सैल पडायचे आणि सुकाणूची मूठ तो दोन बोटांत अशी धरायचा, की बघणाऱ्याला वाटावं, याला झोपलेल्या बाळाचा हात धरून ठेवायला सांगितलाय. त्रेचाळिसाव्या वर्षी तो उडायला शिकला. शिकवणाऱ्यांनी त्याला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, की असा हात शिकवून येत नाही.

त्याच्या विमानाचं नाव पाकोळी. चार जणांचं, विजेवर चालणारं, पंखांवर सहा लहान पंखे असलेलं. त्या वर्षांत अशी विमानं बऱ्याच जणांकडे आली होती. जुन्या विमानांपेक्षा ती चालवायला सोपी होती आणि आवाजही कमी करत. गावोगावच्या मंडळींनी एकत्र येऊन आखूड धावपट्ट्या बांधल्या होत्या आणि लोक लग्नकार्याला, सुट्टीला घरच्यांना घेऊन उडत होते.

मात्र घरच्यांना बसवायचं असेल, तर विमानात घंटी हवीच, असा कायदा होता.

तिचं सरकारी नाव लांबलचक होतं. घंटी हे नाव लोकांनीच पाडलं, एस.टी.तल्या कंडक्टरच्या घंटीवरून. पुढच्या दोन आसनांच्या मधे एक आणि मागच्या दोन आसनांच्या मधे एक, झाकणाखाली पिवळी कळ. बारा वर्षांवरच्या कुठल्याही प्रवाशानं ती दाबली, की विमान चालकाच्या ताब्यातून सुटायचं. मग यंत्र बॅटरी किती उरली ते बघायचं, वारा बघायचं, सगळ्यांत सुरक्षित धावपट्टी निवडायचं आणि तिथं जाऊन उतरायचं.

हे सगळं यंत्रालाच जमत होतं, तर कधी उतरायचं तेही त्यालाच का ठरवू दिलं नाही, असं पद्मजानं एकदा विचारलं होतं. उत्तर तिच्या धाकट्या मुलीनं, सन्मतीनं दिलं. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. आधी तसंच केलं होतं, ती म्हणाली. विमानाच्या नाकातून लेझरचा किरण पुढं जातो, हवेतल्या धुळीच्या कणांवर आपटून परत येतो आणि पुढच्या चार किलोमीटरांत वारा वर जातोय की खाली, ते यंत्राला कळतं. पण कळलं तरी किती धोका पत्करायचा, हे त्याला कोण सांगणार? सावध ठेवलं तर ते साध्या गचक्यालाही मागं वळायचं आणि वैतागून चालक त्याच्या तारा उपटून टाकायचे. सैल सोडलं तर ठेवून उपयोग नव्हता. पुढं अपघातांच्या ध्वनिमुद्रणांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू आली. चालक अनुभवी असायचा, घरी पोचायची घाई असायची आणि शेजारी बसलेलं माणूस हळूच विचारायचं, आभाळ जास्तच काळं वाटतंय ना? चालक म्हणायचा, काही नाही. त्यानंतर ते माणूस गप्प बसायचं, कारण त्याचा चालकावर विश्वास असायचा.

म्हणून हक्क प्रवाशांना दिला. दाबलेली घंटी मागं घेता येत नसे. पहिल्या काही विमानांत ती सोय होती, पण दाबणारी बायको असली की नवरा तिला समजावून ती मागं घ्यायला लावायचा. मग सोयच काढून टाकली.

भरतेशला घंटीचा राग नव्हता. झाकण उचलून ती चालते की नाही, हे तो प्रत्येक उड्डाणाआधी तपासायचा. मात्र त्याच्या विमानात ती कधी वाजली नव्हती आणि वाजणारही नाही, हे घरात सगळे धरून चालले होते.

ऑक्टोबरात मोठ्या मुलीच्या बाळाचं बारसं होतं. ती दापोलीला राहायची. सकाळी भरतेश, पद्मजा, सन्मती आणि भरतेशची आई अशी चौघं कोल्हापुरातून निघाली. आईला सगळे आक्का म्हणत. त्यांचं वय चौऱ्याऐंशी, पण विमानात बसायची हौस सगळ्यांत जास्त. सह्याद्रीच्या माथ्यावरून जाताना त्या खिडकीला नाक लावून बसल्या. खाली कोयनेचं पाणी निळ्या चिंधीसारखं डोंगरांत अडकलेलं दिसत होतं. गाडीनं सहा तास लागले असते, पाकोळी चाळीस मिनिटांत पोचली. बारसं थाटात झालं. आक्कांनी पणतीच्या कानात नाव सांगितलं.

परतायला उशीर झाला. दापोलीच्या धावपट्टीवर विमानांना वीज भरायची एकच सोय होती आणि तिथं रांग होती. पावणेचारला पाकोळीची बॅटरी पाऊण भरली. तेवढी कोल्हापूरला पुरून उरत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात नवी भट्टी पेटवायची होती, पाहुणे बोलावलेले होते. भरतेशनं हवामानाचा अहवाल दोनदा वाचला आणि निघायचं ठरवलं.

पंधरा मिनिटांनी घाटमाथा समोर आला, तेव्हा परतीच्या पावसाचे ढग त्यावर बसायला लागले होते. वरून जावं तर ढगांची डोकी फार उंच. वळसा घालावा तर बॅटरी पुरत नव्हती. मधे एक खिंड मोकळी होती. खाली डोंगराची धार, वर ढगाचा करडा तळ आणि त्या दोघांच्या फटीतून पलीकडच्या पठारावरचं ऊन दिसत होतं, पिवळंधमक. पद्मजा भरतेशच्या शेजारी बसली होती. तिच्यासमोरच्या पडद्यावर खिंडीच्या तोंडाशी वाऱ्याचे बाण खाली वळलेले दिसत होते. त्यांतले काही तांबडे होते. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा कमी होत होता. खाली ओढणाऱ्या वाऱ्यात वीज भराभर जाते; ते धरून, इथून मागं फिरलं तर सुखरूप उतरण्याइतकी वीज आणखी किती वेळ राहील, त्याचा तो आकडा. चार मिनिटं.

तिनं विचारलं, मागं फिरायचं का. भरतेशनं तिच्याकडं बघून नेहमीसारखं हसून सांगितलं, की या खिंडीतून तो आठ वेळा गेलाय, तीन वेळा तर याहून वाईट हवेत. तो बढाई मारत नव्हता. ती तिघा-चौघा वैमानिक मित्रांच्या तोंडून त्या उड्डाणांच्या गोष्टी ऐकून होती. त्याची दोन बोटं मुठीवर तशीच हलकी होती, कपाळावर आठी नव्हती. पहिला गचका आला, विमान हातभर खाली गेलं आणि त्यानं ते असं उचलून धरलं, की मागं आक्कांच्या मांडीवरचा डबासुद्धा हलला नाही.

अडीच मिनिटं.

पद्मजानं मागं वळून पाहिलं. आक्का डोळे मिटून णमोकार म्हणत होत्या. सन्मती मात्र आईकडं बघत होती, डोळे मोठे करून. मधल्या घंटीच्या झाकणाला तिनं हात लावला नव्हता. वडिलांचा हात तिनंही लहानपणापासून पाहिलेला होता.

पद्मजा पुन्हा समोर वळली आणि तेव्हा तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. कोपऱ्यातला आकडा फक्त तीच वाचत होती. भरतेशची नजर खिंडीपलीकडच्या उन्हावर लागली होती. तो घाबरला असता, चिडला असता, हात थरथरला असता, तर तिला सोपं गेलं असतं. तसं काहीच नव्हतं. ज्याचं तिला बारा वर्षं कौतुक वाटत होतं, ते सगळं जागच्या जागी होतं आणि तरीही आकडा कमी होत होता.

एक मिनिट.

"अहो, मी घंटी दाबतेय," ती म्हणाली.

"पद्मा, नको."

तिनं झाकण उचललं आणि कळ दाबली.

भरतेशच्या हातातली मूठ ढिली पडली. पाकोळी डावीकडं कलली, खिंडीतलं ऊन खिडकीतून सरकत मागं गेलं आणि समोर कोकणाची हिरवी उतरण आली. एक शांत आवाज म्हणाला, की विमान वाशिष्ठी नदीच्या काठच्या धावपट्टीवर अकरा मिनिटांत उतरेल. भरतेशनं दोन्ही हात मुठीवरून काढून मांडीवर ठेवले. त्या हातांकडं बघायचा धीर पद्मजाला झाला नाही.

यंत्रानं विमान धप्पकन टेकवलं. हवा स्वच्छ होती, धावपट्टी कोरडी होती, कुणाला काही झालं नव्हतं. आक्का तेवढ्यात म्हणाल्या, की त्यांच्या लेकाच्या हातात असतं तर कळलंसुद्धा नसतं.

गाडी यायला दोन तास होते. आक्का सूर्यास्तानंतर जेवत नसत, म्हणून धावपट्टीच्या कडेला चादर पसरून डबा उघडला. दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती. डोंगरावर ढग तसेच बसलेले होते. भरतेश जेवला नाही. तो पाकोळीभोवती फिरून चाकं बघत राहिला. आक्कांनी सुनेला हळू आवाजात विचारलं, "माझ्या पोराचा हात कधी चुकलाय का गं? मग का केलंस असं?" पद्मजानं त्यांच्या पानावर आणखी एक दशमी वाढली.

पुढचे पंधरा दिवस भरतेश तिच्यावर रागावला नाही, हेच तिला जड गेलं. तो चहासाठी आभार मानायचा. घरात त्याचा आवाज खाली आला होता. नवी भट्टी पेटली, पाहुणे येऊन गेले. विमानवाल्या मित्रांत गोष्ट पसरलीच. एक जण घरी येऊन हसत म्हणाला, की वहिनींनी घंटी वाजवली म्हणे. त्यावर भरतेशनं त्याला ताबडतोब गप्प केलं आणि विषय बदलला. पण मित्र गेल्यावर तो बराच वेळ गच्चीवर उभा राहिला.

मग पुण्याच्या विमान चौकशी कचेरीचं पत्र आलं.

घंटी वाजली, की त्या कचेरीत एक फेरगणित होत असे. घंटी वाजली त्या क्षणापासून पुढचं उड्डाण संगणकावर पुन्हा चालवायचं, घंटी वाजलीच नाही असं धरून. वारा नेमका कसा वळेल ते कुणालाच पक्कं माहीत नसतं, म्हणून दर वेळी तो किंचित बदलायचा. चालकाचा हात मात्र खराच असायचा. त्याच्या सगळ्या उड्डाणांची नोंद विमानात असते. कुठल्या गचक्याला तो किती वेळात आणि किती दाब देतो, ते त्यातून संगणक शिकतो. भरतेशचा बारा वर्षांचा हात त्यांच्याकडं होता. असं उड्डाण त्यांनी हजार वेळा चालवलं होतं.

नऊशे चाळीस वेळा पाकोळी खिंडीतून पार झाली होती.

पत्रात पुढं नियम होता. नऊशेच्या वर आकडा आला, तर चालक हरकत घेऊ शकतो. हरकत मान्य झाली, तर त्याचा परवाना स्वच्छ राहतो आणि घंटी दाबणाऱ्याच्या नावापुढं 'अनावश्यक' असा शेरा पडतो. त्या माणसाला पुढं पाच वर्षं घंटीचा हक्क राहत नाही. हरकत न घेता घंटी योग्य होती असं चालकानं मान्य केलं, तर परवाना सहा महिने बंद आणि नव्यानं परीक्षा.

भरतेशनं पत्र जेवणाच्या मेजावर ठेवलं. आवाज न चढवता तो म्हणाला, "नऊशे चाळीस, पद्मा. मी सांगत होतो ते खोटं नव्हतं."

खोटं होतं असं तिला कधीच वाटलं नव्हतं. तिनं पत्र दोनदा वाचलं. सन्मती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आक्का ऐकत होत्या.

"तुमच्या ब्रेक-ड्रमच्या लॉटमध्ये हजारात साठ नग तडकलेले निघाले, तर तुम्ही माल पाठवता का?" पद्मजानं विचारलं.

हजारात तीन नग खराब निघाले, तर भरतेश अख्खा लॉट पुन्हा वितळवायचा, हे त्या घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. तो उठला, हात धुतले आणि बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी तो पुण्याला निघाला, त्या कचेरीत. हरकत नोंदवायला गेला असेल, असं पद्मजानं धरलं. एका दिवसाचं काम होतं. तो तीन दिवस आला नाही. फोनवर फक्त एवढंच सांगायचा, की काम चालू आहे.

चौथ्या दिवशी दुपारी आला, तेव्हा त्याचा चेहरा ओढलेला होता. त्यानं अंघोळ केली, आक्कांच्या पायांशी जाऊन बसला आणि पद्मजाला नि सन्मतीला बोलावून घेतलं. नोंदवलेलं कुठलंही फेरगणित चालकाला बघता येतं, तो म्हणाला. त्यानं ती साठ उड्डाणं बघायला मागितली होती. सगळी, एकामागून एक. पडद्यावर नकाशा असतो, डोंगर असतात आणि विमानाची एक रेघ पुढं सरकत जाते. साठ वेळा ती रेघ डोंगराच्या अंगावर जाऊन थांबली.

"मला माझी चूक शोधायची होती," तो म्हणाला. "वाटलं, त्या साठांत माझा हात कुठंतरी कमी पडला असेल. तो सुधारता येतो. पण एक्कावन्न वेळा मी करायला हवं तेच केलं होतं. तरी रेघ थांबली. मग त्यांना म्हटलं, त्या नऊशे चाळिसांतलीही थोडी दाखवा. दोन्ही शेजारी शेजारी लावून बघितली. शेवटच्या चाळीस सेकंदांपर्यंत काही फरक नाही, पद्मा. अगदी तेच ऊन, तोच हात. मी कशात बसलोय ते मला शेवटपर्यंत कळलंच नसतं. आणि कळलं असतं तेव्हा मागं फिरायला वीज नसती."

आक्कांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पद्मजाला त्या वेळी त्याचं जितकं कौतुक वाटलं, तितकं कुठल्याही उतरण्याच्या वेळी वाटलं नव्हतं. स्वतःच्या कसबावर इतका भरवसा असलेला माणूस तीन दिवस अंधाऱ्या खोलीत बसून स्वतःचं हरणं साठ वेळा बघतो आणि ते घरी येऊन आईसमोर, मुलीसमोर सांगतो, हे तिला खिंडीतून पार होण्यापेक्षा अवघड वाटलं. तिनं त्याला विचारलं, तीन दिवस जेवलात का. तो म्हणाला, थोडं.

सुनावणी डिसेंबरात झाली. सन्मतीला घेऊन तिघं पुण्याला गेली. अधिकारी पन्नाशीच्या बाई होत्या, टेबलावर कागद व्यवस्थित लावून बसलेल्या. त्यांनी फेरगणिताचा आकडा वाचून दाखवला आणि भरतेशला विचारलं, हरकत घ्यायची आहे का. हरकत घेतल्यास ती मान्य होईल, असंही त्यांनी सांगितलं. इतका चांगला हात त्यांनी पुष्कळ वर्षांत पाहिला नव्हता.

भरतेशनं हरकत घ्यायची नाही म्हणून सांगितलं. शेऱ्याच्या रकान्यात त्यानं आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, की प्रवाशाचा निर्णय बरोबर होता आणि तो चालकानं आधीच घ्यायला हवा होता. सहा महिने, हे त्याच्यासाठी लहान नव्हतं. बाईंनी ते वाचलं, सही केली आणि परवाना घेऊन दप्तरात ठेवला.

मग त्या पद्मजाकडं वळल्या. नोंदीसाठी एक प्रश्न विचारावा लागतो, त्या म्हणाल्या. परवाना परत मिळाल्यावर हा चालक प्रवासी नेऊ शकेल की नाही, ते ठरवताना घंटी दाबणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. यांच्या विमानात तुम्ही पुन्हा बसाल का?

भरतेशनं तिच्याकडं बघितलं नाही. तो समोरच्या भिंतीवरच्या नकाशाकडं बघत होता.

"बसेन," पद्मजा म्हणाली. "आधी यांच्या हातावर भरवसा होता म्हणून बसत होते. आता हे वेळेत मागं फिरतील असाही भरवसा आहे, म्हणून नातीलाही घेऊन बसेन."

बाईंनी विचारलं, सगळं असंच लिहू का. पद्मजा हो म्हणाली आणि पदर सावरत सही करायला पुढं झाली.